आठवड्याचे चौदा युनिट

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी दारू पितो. ज्यांना इथंच पुस्तक मिटायचंय त्यांनी मिटावं, माझी हरकत नाही. उरलेल्यांनी जरा सरकून बसा. ही गोष्ट दारूची कमी आणि मोजमापाची जास्त आहे, आणि मोजमाप हा माझा धंदा आहे.

मी लाइट कंपनीत मीटर रीडर. सातवी नापास, पण आकडा वाचण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. सत्तावीस वर्षं एकच रूट, चारशे बारा मीटर. जिन्याखालचे, संडासामागचे, कुत्र्याच्या खोपटावरचे. एका बाईचा तर स्वयंपाकघरात फळीवर पिठाच्या डब्यामागं आहे, डबा हलवला की माझ्या डोक्यावर पीठ. मी टॉर्च मारतो, आकडा वाचतो, लिहितो. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक, शेरा. आता कंपनीनं हातात मशीन दिलंय, पण माझी वही काही सुटली नाही. आणि प्रत्येक दारात एकच रडगाणं ऐकतो, की आमचा मीटर फास्ट पळतो. माझं उत्तरही एकच. मीटरला नातेवाईक नसतात, तो कुणासाठी खोटं बोलत नाही. पटत नसेल तर तक्रार खिडकीवर जा.

तर आमच्याकडं पन्नाशी उलटलेल्या, बाहेरच्या कामावरच्या माणसांची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी होते. शिडीवर चढायचं असतं, कंपनीची स्कूटर चालवायची असते. तपासणीत नापास झालेला माणूस कुठं बसवतात? त्याच तक्रार खिडकीवर. एक काच, काचेला वाटीएवढं भोक, आणि त्या भोकातून दिवसभर लोकांची तोंडं. लोक तरी कोण, माझ्याच रूटवरचे. सत्तावीस वर्षं ज्यांना मी 'खिडकीवर जा' म्हणून सांगत आलो, ते सगळे वाट बघत असणार की हा कधी काचेमागं सापडतो. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खुर्ची टाकून बसायची, दुसरं काय.

डॉक्टरीणबाई नवी आली होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं विचारलं दारू घेता का. मी म्हटलं घेतो, मापात.

"मापात म्हणजे किती, काका?"

आता हा प्रश्न मला उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. मापात म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय मिटतो, अशी आपली रीत. मी म्हटलं, रोज दोन. तिनं कागदावर 'दोन' लिहिलं आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या रीडिंगपुढं प्रश्नचिन्ह. बापानं कानाखाली मारली होती तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरवर चरबी, लिव्हरचे आकडे दुपटीवर, ब्लडप्रेशर चढलेलं. मी म्हटलं, मला तर कुठं दुखत नाही. ती म्हणाली, लिव्हरचा हाच खोटेपणा, दुखायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग तिनं एकेक सांगितलं. प्रेशर वाढतं, तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, झोप बिघडते. झोपेवर मी तिला पकडलं. म्हटलं, झोप तर घेतल्यावर झकास लागते. ती म्हणाली, लागते, पण टिकते का? पहाटे टक्क डोळे उघडतात की नाही? उघडतात. आता हे हिला कसं कळलं, घरचं माणूस आधीच येऊन कानाला लागून गेलं की काय, असा मला संशय आला.

"खरं विचाराल तर न पिणं सगळ्यात बरं," ती म्हणाली. "अजिबात अपाय नाही असं दारूचं मापच नसतं. पण प्यायचीच असेल तर आठवड्याला चौदा युनिटच्या वर जाऊ नका. तेही तीन-चार दिवसांत वाटून, मधले दिवस कोरडे. आणि एकदम तोडू नका, हळूहळू उतरा. तीन महिन्यांनी परत बघू. आकडे उतरले तर रूट, नाहीतर खिडकी."

बाकीचं माझ्या कानावरून गेलं. कानात अडकला तो एकच शब्द, युनिट. मला युनिट शिकवते. म्हटलं, बाई, चौदा युनिटमध्ये माझा फ्रिजसुद्धा आठवडा काढत नाही. ती हसली आणि म्हणाली, हे युनिट वेगळं, दहा मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक. तीस मिलीच्या लहान पेगात साधारण सव्वा युनिट धरा. मी म्हटलं, धरतो. दोन पेग म्हणजे दिवसाला अडीच, आठवड्याला साडेसतरा. चौदावर यायचं म्हणजे साडेतीन युनिटचा प्रश्न. एवढ्यासाठी लिव्हर, कॅन्सर, खिडकी? मी छाती काढून बाहेर पडलो.

घरी बायकोला सांगितलं. बायको शिवणकाम करते, दिवसभर गळ्यात टेप. माझं सगळं ऐकून घेतलं, मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि विचारलं, "दोन म्हणजे कुठले दोन?"

झालं. त्या चार शब्दांनी पुढचं रामायण. ती उठली आणि मोजायला काही आहे का ते शोधायला लागली. घरात मिलीच्या रेघा असलेली एकच वस्तू निघाली. आमची नात आठ महिन्यांची, मुलगी रविवारी येऊन गेली होती आणि तिची दुधाची बाटली आमच्याकडं राहिली होती. बायको म्हणाली, रोज ओतता तसं ओता, बघू. मी माझा नेहमीचा स्टीलचा पेला काढला, नेहमीसारखी रम ओतली, हात जराही आखडता घेतला नाही, आणि पेला दुधाच्या बाटलीत रिकामा केला.

पंच्याण्णव मिली. एक. रोजचे असे दोन.

बायकोनं कागदावर हिशेब केला. एका पेल्यात चार युनिट, दिवसाला आठ, आठवड्याला छप्पन्न. चौदाच्या चौपट. तिनं कागद माझ्यापुढं सरकवला आणि परत मशीन चालवायला लागली. आणि मी काय म्हणालो असेन? सत्तावीस वर्षं चारशे बारा दारांत जे ऐकलं तेच माझ्या तोंडून आलं. म्हटलं, ही बाटली फास्ट आहे.

मी बाटली उजेडात धरून तिच्या रेघा तपासत होतो, आत रम, वर निपल, तेवढ्यात दारात वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या कात्री मागायला आल्या होत्या. त्यांनी एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि कात्री न घेताच परत गेल्या. जिना चढायला त्यांना पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी दीड मिनिटात दार वाजलं, आणि पाव तासात मुलीचा फोन. बाबा, तुम्ही माझ्या बाळाच्या बाटलीतून दारू पिता? मी म्हटलं, पीत नाही, मोजतो. ती म्हणाली, ते जास्त वाईट. बाटली तिनं परत घेतली नाही. पुढं दोन महिने नातीला ती आमच्या घरात पाणीसुद्धा पाजत नव्हती, बरोबर आणायची.

मी काही हार मानणारा नाही. दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन मेडिकलवाल्याकडं नेली. म्हटलं, हिचं माप तपासून दे. त्याच्याकडं दहा मिलीची सिरिंज होती. गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि तो सिरिंजनं पाणी भरतोय. साडेनऊ सिरिंज, पंच्याण्णवच्या रेघेवर बरोबर पाणी. बाटलीत खोट नव्हती. त्यानं दयेनं मला तीस मिलीचा औषधाचा प्लॅस्टिकचा कप फुकट दिला. म्हणाला, मामा, यानं घ्या. अंगठ्याएवढा कप. माझा दातदुखीचा गुळणा याहून मोठा असतो.

आता सल्ले सुरू झाले. शेजारच्या बिऱ्हाडात रिटायर्ड मास्तर राहतात. ते रोज दोन चमचे ब्रँडी घेतात, औषध म्हणून, हृदयासाठी. त्यांनी मला तासभर सांगितलं की थोडी दारू हृदयाला चांगली, फक्त चमच्यानं घ्यावी. ही गोष्ट मी पुढं डॉक्टरीणबाईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, हृदयासाठी म्हणून दारू सुरू करा असं मी कुणाला सांगणार नाही, त्यांना सांगा रोज चाला. मास्तर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, ब्रँडीशी बोलतात. वरच्या वहिनींनी कसलातरी हिरवा कडू रस पाठवला. त्यानं लिव्हर धुऊन निघतं म्हणे. त्यानं माझं दुसरंच काही धुऊन निघालं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि आमचा लाइनमन, माझा पंचवीस वर्षांचा पिण्यातला जोडीदार. तो म्हणाला, दादा, एवढं कशाला, बियर घे, बियर म्हणजे पाणी. मला पटलं. मोठी बाटली घेतली, स्ट्राँग. पिऊन झाल्यावर लेबल वाचलं, आठ टक्के, साडेसहाशे मिली. बायकोनं मशीनवरूनच सांगितलं, सव्वापाच युनिट. पाण्याचा मीटर एवढा पळताना मी कधी बघितला नव्हता.

तेव्हा मी चिडलो. म्हटलं, खड्ड्यात गेलं तुमचं युनिट. मीटर मोजायचा नसेल तर लाइनच कापायची. रविवारी बाटली कपाटात ठेवली आणि सोमवारपासून एकदम बंद. पहिला दिवस छाती फुगवून गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला, झोप नाही. तिसऱ्या दिवशी रूटवर टॉर्च हातात नाचत होता आणि मी एका बिचाऱ्या शिंप्याचा तीन हा आकडा आठ वाचला. त्यानं ओरडून दाखवलं म्हणून बरं. सत्तावीस वर्षांतलं पहिलं चुकीचं रीडिंग, तेही दारू न पिता. मी तिथंच पायरीवर बसलो आणि तसाच डॉक्टरीणबाईकडं गेलो.

ती पहिल्यांदा रागावली. म्हणाली, एकदम तोडू नका म्हणून सांगितलं होतं की नाही? रोजची भरपूर सवय असलेल्या माणसानं असं तोडलं तर फिट येऊ शकते, काका. शिडीवरून नाही, स्ट्रेचरवरून जाल. तिनं गोळ्या दिल्या, या गोळ्यांच्या दिवसांत थेंबसुद्धा घ्यायचा नाही म्हणून दम दिला, दोन-दोन दिवसांनी बोलावून हात पुढं करायला लावला. सातव्या दिवशी हात थांबला. मग म्हणाली, माझं ऐकाल तर आता सुटलीच आहे, परत धरू नका.

इथं चांगल्या माणसानं हो म्हटलं असतं. मी म्हटलं, बाई, मला दारूनं सोडलं असं लोकांनी म्हणायला नको. मी तिला मापात ठेवीन, आणि या वेळी मापात म्हणजे मापात. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, मग लिहून ठेवा. मी म्हटलं, लिहिणं हाच माझा धंदा.

नवी वही घातली. तारीख, मागचं, आताचं, फरक, शेरा. तीस मिलीचा कप, आधी पोटात काहीतरी, दोन कपांच्या मध्ये पेलाभर पाणी, स्कूटर असेल त्या दिवशी शून्य. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला दोन-तीन कप. लाइनमन म्हणाला, दादा, ही दारू आहे की डोळ्यांतले थेंब? म्हणू दे. पहाटे मला झोप लागायला लागली. जिना चढताना धाप कमी झाली. आता खरं सांगायचं तर वहीत सगळंच खरं नव्हतं. आमच्या खात्यात दाराला कुलूप असलं की शेऱ्यात 'दार बंद' लिहितात आणि मागच्या महिन्यांची सरासरी टाकतात. दोन-तीन संध्याकाळी लाइनमनच्या घरी कप विसरलो होतो. त्या दिवशी मी 'दार बंद' लिहून सरासरी टाकली. सवय वाईट.

पण खरा घोटाळा केला तो 'शिल्लक' या शब्दानं. रिटेस्टला पंधरा दिवस राहिले होते. आमच्या एका फोरमनची रिटायरमेंट, रविवारी दुपारी ऑफिसच्या हॉलमध्ये जेवण, पुढची व्यवस्था मागच्या खोलीत. मी सोमवार ते शनिवार एक थेंब घेतला नव्हता. म्हणजे आठवड्याचे चौदाच्या चौदा युनिट शिल्लक. बाई म्हणाली होती वाटून प्या, पण न वापरलेला युनिट पुढं ओढता येत नाही असं ती कुठं म्हणाली होती? (पुढं विचारलं तर म्हणाली, तेच तर सांगितलं होतं. एका बैठकीला चौदा म्हणजे आठवडाभराच्या चौदापेक्षा वाईट, लिव्हरला आठवडा कळत नाही.) मी खिशातून कप काढला आणि मोजून अकरा कप घेतले. मोजून, बरं का. एकही जास्त नाही.

पुढचं मला आठवत नाही, ते मला लोकांनी सांगितलं, आणि वहीनं. मी म्हणे उठलो, टॉर्च पेटवला आणि टेबलामागून टेबल फिरायला लागलो. प्रत्येकाच्या ग्लासात टॉर्च मारायचा, बाटली किती उतरली ते बघायचं, वहीत लिहायचं, आणि चिठ्ठी फाडून त्याच्या खिशात खोचायची. बावीस माणसं. मोठे साहेब, सात युनिट. लाइनमन, अकरा. रिटायर होणारा फोरमन, दहा, शेरा 'अभिनंदन'. हेडक्लार्क, नऊ. सगळे हसत होते म्हणे. कुणाला वाटलं गंमत चाललीय.

हेडक्लार्कला नाही वाटली. कारण हेडक्लार्क पितो हे त्याच्या घरी ठाऊक नव्हतं. त्याची बायको हॉलच्या पुढच्या भागात बायकांबरोबर जेवत होती, आणि घरी गेल्यावर शर्ट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी. नऊ युनिट, खाली माझी सही.

सोमवारी टेबलावर मेमो. कार्यालयीन समारंभात असभ्य वर्तन, तीन दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा बाहेरच्या कामावरून तात्काळ काढण्यात येईल. रिटेस्टची भानगडच नाही, सरळ खिडकी. हेडक्लार्कनं मला आत बोलावून दार लावलं. तो वाईट माणूस नाही. पण त्या दिवशी त्याचा चेहरा रात्रभर बाहेरच्या खोलीत झोपलेल्या माणसाचा होता. म्हणाला, खुलाशात एकच ओळ लिही. मी घेतलेली सर्व रीडिंग चुकीची आहेत. ते मी घरी नेऊन दाखवतो, तुझा मेमो फाडतो, तू तुझ्या रूटवर.

सगळ्यांनी सांगितलं, लिहून टाक. लाइनमननं सांगितलं, बोलत नसलेल्या मास्तरांनीही भिंतीपलीकडून सांगितलं. एक ओळ तर आहे. मी म्हटलं, मरेन पण लिहिणार नाही. मीटर रीडरनं आपल्या हातानं 'रीडिंग चुकीचं' लिहायचं म्हणजे सुगरणीनं आपल्या हातानं भाजी करपली म्हणून भांडं रस्त्यावर मांडायचं. मी बायकोपुढं तासभर भाषण केलं. सत्तावीस वर्षं. एकसुद्धा खोटा आकडा नाही. खिडकीत बसेन, भोकातून शिव्या खाईन, पण आकड्याशी बेइमानी नाही.

तिनं दोरा तोंडात धरला होता, तो काढून ठेवला.

"सत्तावीस वर्षं मला दोन म्हणून सांगत होतात," ती म्हणाली. "रोज. ते आठ होते. ते कुणाचं रीडिंग होतं?"

आवाज चढवला नाही तिनं. मशीनही थांबवलं होतं.  मी वही काढली आणि जिथं जिथं 'दार बंद' होतं तिथं ते खोडून खरे आकडे लिहिले, आठवतील तेवढे. ती बघत होती. मग मशीन चालू केलं.

मग खुलासा लिहायला बसलो. आमच्या खात्यात रीडिंग तीन जातींचं असतं. बरोबर, चुकीचं आणि संशयास्पद. 'चुकीचं' मला लिहायचं नव्हतं, आणि 'बरोबर' लिहायला आता हात रेटेना. अकरा कप घेतलेल्या माणसानं कुणाच्या ग्लासाची शपथ घ्यायची? म्हणून जे होतं ते लिहिलं. 'समारंभाच्या दुपारी मी स्वतः चौदा युनिट दारू प्यायलो होतो. आठवड्याची एका दिवसात प्यायलो, ही माझी चूक. चौदा युनिट प्यायलेल्या माणसानं घेतलेलं कोणतंही रीडिंग संशयास्पद समजावं. सोबत बावीस जणांची यादी.' सही, तारीख. हेडक्लार्कला म्हटलं, चुकीचं लिहिणार नाही, हे चालत असेल तर बघा, नाहीतर मी खिडकीकडं निघालो. त्यानं वाचलं. माझी कबुली आहे आणि रीडिंगवर भरवसा नको असं आहे, एवढ्यावर तो खुश झाला. कागदाची एक प्रत घरी नेली, मूळ कागद मोठ्या साहेबांकडं. मेमोची प्रत मात्र फाडली नाही, खणात ठेवली.

आता इथं कुणी म्हणेल की मी मुद्दाम केलं. ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं. मोठ्या साहेबांना तीस वर्षांची सवय आहे. कागदावर 'संशयास्पद रीडिंग' दिसलं की ते वर-खाली बघत नाहीत, कोपऱ्यात लिहितात 'फेरतपासणी करावी' आणि सही ठोकतात. यादीत तिसरं नाव त्यांचंच होतं, तेही त्यांनी बघितलं नाही. कागद तपासणी विभागात गेला. तिथल्या बाबूनं बघितलं, बावीस ग्राहक, युनिट लिहिलेले, मीटर नंबर कुठं नाहीत. त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी खुलाशात 'दारू' वाचून कागद डॉक्टरीणबाईकडं पाठवला, अभिप्रायासाठी. बाईनं अभिप्राय दिला. बावीस जणांनी उपाशीपोटी यावं, रक्त द्यावं.

साहेबांची सही होती. कोण मोडणार?

माझी रिटेस्ट त्याच आठवड्यात. मी बाईपुढं वही ठेवली आणि म्हटलं, खाडाखोड माझीच आहे, चौदाची दुपारही आत आहे, वाचा. तिनं पानं उलटली. रक्त बघितलं, प्रेशर बघितलं. लिव्हरचे आकडे सरळ झाले नव्हते, पण अर्ध्याहून जास्त उतरले होते. प्रेशर उतरलं होतं. म्हणाली, त्या एका दुपारीनं तुमचा महिनाभराचा घाम वाया घालवला, तेवढी नसती तर शाबासकी दिली असती. मग फॉर्मवर 'बाहेरच्या कामास योग्य' लिहिलं. पण मेमो अजून हेडक्लार्कच्या खणातच होता. बाईनं पास केलेल्या माणसाला खिडकीत बसवायचं की नाही, हे त्याच्या हातात होतं. मी रोज रूटवर जायचो आणि रोज वाटायचं, हा शेवटचा.

आठ दिवसांनी त्याला रिपोर्ट मिळाला. मी जिन्याखाली स्कूटर पुसत होतो. तो खाली आला, माझ्याजवळ उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं. हातात डॉक्टरीणबाईचा कागद होता, घडी घालून घालून विड्याएवढा झालेला. म्हणाला, बाईंनी सहा महिने थेंबसुद्धा घ्यायचा नाही म्हटलंय. आणि एकटं यायचं नाही, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या म्हणून सांगितलंय. मी आरसा पुसत राहिलो. 

मग त्यानं खिशातून माझा मेमो काढला. चार तुकडे केले आणि माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकले, कचऱ्याचा डबा समोर असून.

"नऊ नव्हते रे," तो म्हणाला. "सोळा होते. टेबलाखालची बाटली तू मोजलीच नाहीस."

आणि वर निघून गेला.

मी तिथंच डिकीवर वही ठेवली, त्याचं पान काढलं, नऊवर काट मारली, शेजारी सोळा लिहिले, तारीख घातली, सही केली. मग टॉर्च घेतला आणि रूटवर निघालो.